लँगेनडॉर्फ रिगवर रॅटचं हृदय: पहिल्या गाठीपासून भरवशाच्या आकड्यापर्यंत

मेडिकल कॉलेजातल्या हृदयसंशोधनाच्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी रुजू झाला की त्याचं लक्ष आधी स्क्रीनवरच्या लाटांकडे जातं. साहजिक आहे. शरीराबाहेर टांगलेलं एक ग्रॅमचं हृदय मिनिटाला तीनशेच्या आसपास ठोके देतंय आणि प्रत्येक ठोक्याचा दाब समोर उमटतोय, हे पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. मला इतक्या वर्षांनंतरही येतो. पण त्या लाटांवर विश्वास ठेवायचा की नाही, हे छाती उघडल्यापासून महाधमनीत कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, बसेपर्यंतच्या तीन मिनिटांत ठरतं. आणि त्याच्याही आधी, कुठलं हृदय बाद धरायचं हे तुम्ही वहीत लिहून ठेवलंय का, यावर ठरतं.

एम.फार्म.चा प्रोजेक्ट करणारे, फार्माकॉलॉजी किंवा फिजिऑलॉजीत एम.डी. करणारे आणि पीएच.डी.ला नुकतेच लागलेले, अशांसाठी हे लिहितोय. लँगेनडॉर्फचं हे तंत्र, म्हणजे प्राण्याचं हृदय शरीराबाहेर एका मांडणीवर (रिगवर) टांगून द्रवावर चालतं ठेवणं, पाठ्यपुस्तकात दोन पानांत उरकतं. हात बसायला मात्र काही महिने जातात. त्या महिन्यांत जे कोणी सांगत नाही, ते इथे सविस्तर सांगतो.

हे हृदय चालतं कसं

ऑस्कर लँगेनडॉर्फ जर्मनीत रोस्टोकला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १८९५ मध्ये सस्तन प्राण्याचं हृदय शरीराबाहेर जिवंत ठेवण्याची ही पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी १८६६ मध्ये लाइपझिगला कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत एली सायन यांनी बेडकाच्या हृदयावर असं काम केलं होतं. पण बेडकाचं हृदय आपली गरज बरीचशी आतल्या पोकळीतल्या द्रवातून भागवतं, सस्तन प्राण्याला मात्र कोरोनरी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला पुरवठा करणाऱ्या रक्तवाहिन्या लागतात. लँगेनडॉर्फ यांची युक्ती अशी: महाधमनीत नळी बसवायची आणि द्रव उलट, म्हणजे हृदयाच्या दिशेने सोडायचा. दाबामुळे महाधमनीची झडप मिटते. द्रवाला डाव्या कप्प्यात जायला वाट उरत नाही, म्हणून तो झडपेच्या लगेच वर असलेल्या कोरोनरींच्या तोंडांत शिरतो, स्नायूतून फिरतो, कोरोनरी सायनसमधून उजव्या कप्प्यात येतो आणि बाहेर ठिबकतो.

हे डोळ्यांसमोर पक्कं बसलं की निम्म्या अडचणी आपोआप कळतात. कॅन्युला जास्त खोल गेली तर तिचं टोक झडप ओलांडतं किंवा कोरोनरींची तोंडं झाकतं. मग प्रवाह घटतो आणि डावा कप्पा फुगतो. गाठ सैल बसली किंवा महाधमनीला चीर गेली तर प्रवाह वाढलेला दिसतो पण हृदय मरगळलेलं असतं, कारण तो द्रव हृदयात न जाता बाहेरूनच ओघळतोय. आकडा चांगला आणि हृदय फिकं, असं दिसलं तर आधी गळती शोधा.

परवानगी आणि प्राणी

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकही रॅट मागवायचा नाही. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, प्रयोगांचे नियम १९९८ चे, आणि त्यांखाली केंद्राची जी समिती आहे तिला आता सीसीएसईए म्हणतात; जुने लोक अजून सीपीसीएसईए म्हणतील. अर्जात प्राण्यांची संख्या मागताना तिचं गणितही द्यावं लागतं. समजा हृदयाचा पुरवठा काही वेळ तोडून परत दिल्यावर मेलेल्या स्नायूच्या, म्हणजे मृत भागाच्या, आकारात तुम्हाला १५ टक्के गुणांचा फरक पकडायचा आहे आणि तुमच्या हातचं प्रमाण विचलन १० आहे. तर नेहमीच्या ८० टक्के सामर्थ्यासाठी (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) प्रत्येक गटात साधारण ८ हृदयं लागतात. त्यावर बाद होणाऱ्यांची भर घाला आणि ती का घातली हे स्पष्ट लिहा. 'मागच्या बॅचने ६ घेतले होते' हे कारण होत नाही. पुरेशी हृदयं न घेता निष्कर्ष न निघणारा प्रयोग करणं म्हणजे तेवढे जीव वाया घालवणं, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतो.

विस्टार किंवा स्प्रॅग-डॉली जातीचे २५० ते ३०० ग्रॅमचे रॅट सोयीचे पडतात. हृदय साधारण एक ग्रॅमचं निघतं, महाधमनी हाताळण्याइतकी मोठी असते. प्राणी आल्यावर त्यांना आठवडाभर रुळू द्या. आमच्या अ‍ॅनिमल हाउसमधल्या मामांनी मला एक गोष्ट शिकवली होती: पिंजरा घेऊन येताना घाई करायची नाही, ट्रॉली खडखडवायची नाही, आणि एका रॅटसमोर दुसऱ्यावर काम करायचं नाही. घाबरलेल्या प्राण्याच्या हृदयात अ‍ॅड्रेनॅलिनचा मारा आधीच झालेला असतो. मामांनी ते शब्द वापरले नाहीत, पण त्यांचं म्हणणं शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक होतं.

भूल कोणती द्यायची ते मंजूर प्रोटोकॉलप्रमाणे. मात्र सगळ्या गटांना एकच भूल हवी. आयसोफ्लुरेनसारख्या वायूंमुळे हृदयाला स्वतःचं संरक्षण मिळतं हे सिद्ध झालेलं आहे. तेव्हा अर्ध्या प्राण्यांना एक आणि अर्ध्यांना दुसरी भूल दिली तर तुम्ही औषध नव्हे, भूलच मोजाल.

बफर: सगळ्यात साधी आणि सगळ्यात फसवी पायरी

हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये यकृतातल्या युरियाच्या कामासाठी जो द्रव वापरला, तोच थोड्याफार फरकाने आज आपण बफर म्हणून हृदयाला देतो. एक लिटरसाठी माझं प्रमाण असं:

सोडियम क्लोराइड ६.९० ग्रॅम (११८ मिलिमोलर)
पोटॅशियम क्लोराइड ०.३५ ग्रॅम (४.७)
मॅग्नेशियम सल्फेट, सात पाण्यांचं, ०.२९६ ग्रॅम (१.२)
पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६३ ग्रॅम (१.२)
सोडियम बायकार्बोनेट २.१० ग्रॅम (२५)
ग्लुकोज १.९८ ग्रॅम (११)
कॅल्शियम क्लोराइड, दोन पाण्यांचं, ०.२६५ ग्रॅम (१.८)

कॅल्शियम सगळ्यात शेवटी. आधी बाकीचं विरघळवा, ३७ अंशांवर आणा, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण म्हणजे कार्बोजेन किमान वीस मिनिटं सोडा, पीएच ७.४ आला की मग ढवळत ढवळत कॅल्शियम घाला. क्रम उलटला की बफर दुधाळ होतो, कारण वायू सोडण्याआधी पीएच चढा असतो आणि कॅल्शियम फॉस्फेट-कार्बोनेटच्या रूपात खाली बसतं. दुधाळ झालेला बफर गाळून वापरू नका, ओतून द्या. गाळून घेतलेल्या द्रवात कॅल्शियम किती उरलंय हे तुम्हाला सांगता येणार नाही. नितळ बफर मात्र ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचाच. धुळीचा एक कण बारीक कोरोनरीत गुठळीचं काम करतो.

कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. मुंबईत किंवा कोकणात जुलैत बाटलीचं झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं तरी खडे ओलसर होतात, आणि मग तुम्ही वजन करता त्यात किती कॅल्शियम आणि किती पाऊस, कोण सांगणार? म्हणून कोरड्या दिवसांत नवी बाटली फोडून एक मोलरचा स्टॉक करून ठेवा आणि त्यातले १.८ मिलि घ्या.

जुन्या पेपरांत कॅल्शियम २.५ दिसेल. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम प्रथिनांना बांधलेलं असतं. बफरमध्ये प्रथिनं नसल्याने २.५ म्हणजे हृदयाच्या दृष्टीने फार जास्त. म्हणून आता बहुतेक जण १.२५ ते १.८ च्या दरम्यान राहतात. कुठलाही आकडा घ्या, पण अख्ख्या प्रोजेक्टभर तोच ठेवा.

कॅल्शियमचं महत्त्व कळलं तेही पाण्यामुळेच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सिडनी रिंगर बेडकाच्या हृदयावर काम करत होते. मिठाच्या द्रावणात हृदय छान चाललं आणि तसं त्यांनी प्रसिद्धही केलं. मग लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी न्यू रिव्हर कंपनीच्या नळाच्या पाण्यात बनलं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर ठोके मंदावत थांबले. १८८३ मध्ये त्यांनी ही चूक स्वतः छापून कबूल केली आणि नळाच्या पाण्यातला चुन्याचा अंश हृदयाला चालवत होता हे दाखवलं. चूक लपवली असती तर कॅल्शियमचा शोध त्यांच्या हातून निसटला असता. तुमच्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवर भरल्याची तारीख लिहायला मी सांगतो, ते याच कारणासाठी.

आणखी एक. वॉर्डातलं ऑक्सिजनचं सिलिंडर कार्बोजेनच्या जागी चालत नाही. माझ्याकडच्या एका विद्यार्थ्याने सुट्टीच्या दिवशी कार्बोजेन संपल्यावर ते जोडलं. कार्बन डायऑक्साइड नसल्याने पीएच आठच्या वर गेला आणि दिवसभराची तीनही हृदयं फुकट गेली. तेव्हापासून आमच्याकडे कायम दोन कार्बोजेन सिलिंडर असतात. एक संपलं की त्याच दिवशी मागणी जाते.

रिग उभी करणं

रिगचे दोन प्रकार आहेत. एकात दाब कायम ठेवतात आणि प्रवाह मोजतात, दुसऱ्यात पंपाने प्रवाह कायम ठेवतात आणि दाब मोजतात. नवख्याने पहिल्यापासून सुरुवात करावी. त्यात हृदय स्वतःच्या गरजेनुसार कोरोनरी आकुंचित-प्रसरित करू शकतं, आणि प्रवाहाचा आकडाच हृदयाची तब्येत सांगतो.

रॅटसाठी ८० मिलिमीटर पारा हा दाब बहुतेक ठिकाणी वापरतात. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे ८० ला १३.६ ने गुणलं की १०८८ मिलिमीटर. बफरची पातळी महाधमनीपासून साधारण १०९ सेंटिमीटर उंच हवी. मोजपट्टी टाकीच्या तळापासून लावू नका, द्रवाच्या पृष्ठभागापासून लावा; आणि प्रयोग चालू असताना ती पातळी खाली जाणार नाही अशी ओव्हरफ्लोची सोय करा. कॅन्युला बारीक असेल तर वाटेत दाब पडतो, म्हणून जमल्यास कॅन्युलाच्या बाजूच्या फाट्यावर दाब प्रत्यक्ष मोजा. ट्रान्सड्यूसर रोज सकाळी पाऱ्याच्या बीपी यंत्राला जोडून शून्य आणि शंभरवर कॅलिब्रेट करायचा. कालचं कॅलिब्रेशन आज चालत नाही.

आता तापमान. याबद्दल मला जरा थांबून सांगायचंय, कारण यात माझे स्वतःचे तीन आठवडे गेलेत.

सुरुवातीच्या काळात माझ्या कंट्रोल हृदयांत मृत भाग फारच कमी यायचा. औषध दिलेला आणि न दिलेला गट सारखेच. वॉटर बाथवर ३७ दिसत होतं. गाइडना वाटलं औषधात काही नाही. मलाही तसंच वाटू लागलं. शेवटी एका संध्याकाळी सहज डिजिटल थर्मामीटरचं टोक कॅन्युलातून पडणाऱ्या थेंबांखाली धरलं तर ३४.६. एसी थेट रिगवर येत होता आणि बाथपासून हृदयापर्यंतच्या नळीत उष्णता निघून जात होती. थंड हृदय इस्केमिया, म्हणजे पुरवठा तुटणं, सहज सोसतं. माझी सगळी हृदयं न सांगता संरक्षित झाली होती. तेव्हा तापमान मोजायचं ते हृदयाजवळ. शक्य असेल तर बारीक प्रोब पल्मनरी धमनीतून उजव्या कप्प्यात सरकवून. तिथे ३७ यायला बाथ ३८.५ किंवा ३९ वर ठेवावा लागला तरी ठेवा. एसीचा झोत वळवा. आणि वॉटर बाथ यूपीएसवर घ्या, भारनियमन काही तुमचं वेळापत्रक बघून होत नाही.

हात बसवणं

रॅटला हात लावण्याआधी चिकनच्या दुकानातून कोंबडीची हृदयं आणा. ती रॅटच्या हृदयापेक्षा बरीच मोठी असतात, तेच पहिल्या आठवड्यासाठी चांगलं. थंड पाण्याच्या ताटलीत हृदय बुडवून, दोन बारीक फोर्सेप्सनी महाधमनीचे काठ धरून ती कॅन्युलावर चढवायची आणि ३-० सिल्कने बांधायची. पन्नास वेळा. मग दुसऱ्या अभ्यासात मंजुरीनुसार आधीच मारलेल्या रॅटची हृदयं मागून घ्या आणि त्यावर घड्याळ लावून करा. सलग दहा वेळा दोन मिनिटांच्या आत जमलं की मग खऱ्या प्रयोगाकडे वळायचं.

मुंबईत के.ई.एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं मानवी हृदयारोपण केलं, त्याच्या मागे प्राण्यांवरच्या प्रयोगशाळेतली कित्येक वर्षांची मेहनत होती. आपल्याच मातीतली ही परंपरा आहे, आणि तिची सुरुवात गाठ मारण्यापासूनच होते.

ती तीन मिनिटं

भूल देण्याआधी सगळं मांडून ठेवा. कॅन्युलातून बफर ठिबकतोय, नळीत एकही बुडबुडा नाही, बर्फावरच्या दोन बीकरमध्ये थंड बफर तयार, सिल्कचा दोरा सैल फास करून कॅन्युलावर अडकवलेला. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलेलं असावं. आम्ही किलोला १००० युनिट पोटात देतो. ते विसरलात तर कोरोनरीत गुठळ्या होतात आणि तुम्ही दिवसभर कमी प्रवाहाचं कारण शोधत बसता.

भूल पूर्ण लागली का हे पायाचं बोट चिमटीत धरून बघा. अंग आखडलं तर थांबा. मग फासळ्यांखालून पोटाला चीर देऊन छाती-पोटामधला पडदा कापा, दोन्ही बाजूंनी फासळ्या कापत छातीचा पुढचा भाग शिंपल्यासारखा वर उचला. इथून घड्याळ सुरू.

हृदय चिमटीत दाबून धरायचं नाही. डाव्या हाताच्या बोटांनी त्याला खालून हलका आधार द्या, किंचित वर घ्या आणि मागून कात्री घाला. महाधमनीची कमान सोबत यायला हवी; हृदयाच्या अगदी जवळ कापलंत तर बांधायला काही उरत नाही. थोडं फुफ्फुस सोबत आलं तरी चालेल, ते नंतर काढता येतं. हृदय लगेच थंड बफरमध्ये. तिथे ते एक-दोनदा आकुंचन पावून शांत होतं आणि आतलं रक्त बाहेर येतं. दुसऱ्या बीकरमध्ये बुडवून महाधमनी ओळखा: पांढरट, जाड भिंतीची, कापल्यावरही तोंड उघडं राहणारी. शेजारची पल्मनरी धमनी पातळ असते आणि मिटून जाते. घाईत दोन्हींची गल्लत होते.

आता महाधमनीचे काठ दोन फोर्सेप्सनी धरून कॅन्युलावर चढवा. कॅन्युलातून थेंब पडत असतानाच चढवायचं, म्हणजे हवा आत जात नाही. एक बुडबुडा कोरोनरीत गेला की तेवढ्या भागाचा पुरवठा तुटतो आणि तो भाग तुमच्या निकालात मेलेला दिसतो. टोक झडपेच्या वर, कमानीतून निघणाऱ्या पहिल्या फांदीच्या खाली असावं. साहाय्यकाने छोटा क्लिप लावायचा, तुम्ही गाठ मारायची, मग नळ पूर्ण उघडायचा.

काही क्षणांत कोरोनरींमधलं उरलेलं रक्त धुऊन निघतं. हृदय काळपट लालवरून फिकट गुलाबी होत जातं, एखादा आळसावलेला ठोका पडतो, मग दुसरा, आणि मिनिटभरात ठेका धरला जातो. रंग सगळीकडे एकसारखा फिकट झाला का, हे बघा. एखादा डाग गडद राहिला तर तिथे बुडबुडा किंवा गुठळी आहे. वेळ वहीत लिहा: छाती उघडली ते बफर सुरू झाला. तीन मिनिटांच्या वर गेलं तर हृदय कितीही छान धडधडत असलं तरी बाद.

बलून, आणि मग वाट बघणं

डावी कर्णिका, म्हणजे वरचा छोटा कप्पा, कापून मायट्रल झडपेतून छोटा बलून डाव्या कप्प्यात घालतात. विकतचे लेटेक्स बलून मिळतात. आम्ही स्वयंपाकघरातल्या क्लिंग फिल्मचा तुकडा बारीक नळीवर बांधून बनवतो. तो मऊ असतो आणि स्वतःचा दाब दाखवत नाही. बलूनमध्ये हवा अजिबात नको, पाणीच हवं. कप्प्याच्या टोकाला सुईने बारीक वाट ठेवा, कारण स्नायूतल्या थिबेशियन शिरांमधून थोडा द्रव आत झिरपतो आणि बलूनभोवती साचतो. हळूहळू पाणी भरत डायस्टोलचा (हृदय सैल पडतं त्या काळाचा) शेवटचा दाब ५ ते १० मिलिमीटरवर आणा आणि नंतर बलूनला हात लावू नका. पुढे इस्केमियात हा दाब वाढताना दिसेल, तो हृदय आखडत चालल्याची खूण असते. त्या वेळी पाणी काढून दाब 'नीट' केलात तर महत्त्वाची माहितीच पुसली जाईल.

मग वीस ते तीस मिनिटं स्थिरावू द्या. या वेळात मापी नळकांड्यात मिनिटभर ठिबकलेला द्रव मोजून प्रवाह लिहायचा, दर पाच मिनिटांनी.

बाद करायचे नियम मात्र याच्या फार आधी, प्रोजेक्ट सुरू होण्यापूर्वी लिहून गाइडची सही घेतलेले असावेत. आमचे असे आहेत: कॅन्युला बसायला तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ, स्थिरावल्यावर प्रवाह मिनिटाला ८ मिलिच्या खाली किंवा २० च्या वर, विकसित दाब (ठोक्याचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी दाब यांतला फरक) ७० च्या खाली, ठोके २२० च्या खाली, सलग तीन मिनिटांपेक्षा जास्त अनियमितता. तुमच्या रिगप्रमाणे हे बदलतील. पण निकाल बघितल्यानंतर बदलता येणार नाहीत. गटात न बसणारा आकडा आला की मन लगेच कारण शोधतं, 'त्या दिवशी बफर जरा थंड होता बहुतेक'. लिखित नियम असला की मनाला ही सवलत मिळत नाही. बाद केलेली हृदयं किती आणि का, हेही प्रबंधात छापा.

पुरवठा तोडणं आणि परत देणं

संपूर्ण इस्केमियासाठी नळ बंद करायचा, ३० मिनिटं. या वेळात हृदय ३७ अंशांच्या बफरमध्ये बुडवून ठेवा, नाहीतर हवेत ते थंड होतं आणि माझीच चूक तुमच्याकडून होईल. नळ परत उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांत व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांऐवजी नुसती थरथर, होऊ शकतं. घाबरू नका, नियमात लिहिलंय तेवढी वाट बघा.

मृत भाग मोजायचा असेल तर रिपर्फ्युजन, म्हणजे परत दिलेला पुरवठा, १२० मिनिटं हवं. कारण रंगाच्या परीक्षेत आहे. ट्रायफेनिल टेट्राझोलियम क्लोराइड, म्हणजे आपलं टीटीसी, जिवंत पेशीतल्या डिहायड्रोजनेज एन्झाइम्समुळे विटकरी लाल होतं. मेलेल्या पेशींतून ही एन्झाइम्स आणि त्यांचे सहघटक धुऊन जायला वेळ लागतो. लवकर थांबलात तर मेलेला भागही लाल दिसतो. हृदय थोडं गोठवून दोन मिलिमीटरच्या चकत्या करा, एक टक्का टीटीसीमध्ये ३७ अंशांवर पंधरा मिनिटं, मग फॉर्मॅलिन. दुसऱ्या दिवशी पांढरं आणि लाल स्वच्छ वेगळं दिसतं. चकत्यांचे फोटो सांकेतिक नंबर देऊन इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये अशा माणसाने मोजावेत ज्याला गट माहीत नाहीत. शेजारच्या टेबलावरची मैत्रीणसुद्धा चालेल, फक्त तिला काही सांगायचं नाही.

दिवसभराच्या प्रयोगात निरोगी हृदयाची ताकदही तासाला साधारण पाच ते दहा टक्क्यांनी उतरते. प्रथिनं नसल्याने स्नायूत पाणी साचतं. शिवाय शरीरात जे हृदय मुख्यतः मेदाम्लांवर चालतं, त्याला आपण फक्त ग्लुकोज देतोय. म्हणून काहीही न करता तेवढाच वेळ टांगलेल्या हृदयांचा एक गट हवाच.

औषधाआधी रिगची परीक्षा

हा सल्ला पाळणारे फार कमी भेटतात, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या कोरोनरीचा पुरवठा पाच-पाच मिनिटं चार वेळा तोडला आणि जोडला, आणि मग ४० मिनिटं तोडून ठेवला. आधी छोटे झटके सोसलेल्या हृदयांत मृत भाग कंट्रोलच्या फक्त २५ टक्के निघाला. या इस्केमिक प्रीकंडिशनिंगचा परिणाम इतका दणदणीत आहे की जगभर तो पुन्हा पुन्हा मिळालाय, रॅटच्या लँगेनडॉर्फ हृदयातही.

तेव्हा तुमचं औषध बाटलीतून काढण्याआधी सहा कंट्रोल आणि सहा प्रीकंडिशन केलेली हृदयं करा; रॅटसाठी पाच मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू, असं तीनदा. फरक दिसला नाही तर तुमची रिग संरक्षण ओळखू शकत नाही, आणि त्या रिगवर औषधाबद्दल होकार किंवा नकार काहीच सांगता येणार नाही. माझ्या त्या तीन आठवड्यांत मी हे आधी केलं असतं तर पहिल्याच आठवड्यात बाथकडे लक्ष गेलं असतं.

आपल्याकडे फार्मसी कॉलेजांतून वनस्पतींचे अर्क बरेच तपासले जातात. अर्जुनाची साल तर नेहमीचीच. अर्क थेट बफरमध्ये घालण्याआधी तीन गोष्टी बघा. त्यात पोटॅशियम आणि कॅल्शियम किती आहे, फ्लेम फोटोमीटरवर कळेल. बफरमध्ये आधीच ५.९ मिलिमोलर पोटॅशियम आहे, त्यात भर पडली तर ठोके मंदावतात आणि तुम्ही ते औषधाच्या नावावर लिहिता. पीएच बदलतो का. आणि सॅपोनिनमुळे फेस होतो का, कारण फेस म्हणजे बुडबुडे. डीएमएसओ या द्रावकात विरघळवत असाल तर शेवटचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि तितकंच डीएमएसओ कंट्रोललाही द्या.

संध्याकाळी

ग्लुकोज असलेला बफर नळीत रात्रभर राहिला की सकाळी बुरशी आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर तयार असतो. शेवटचं हृदय उतरलं की लगेच दोन-तीन लिटर गरम डिस्टिल्ड वॉटर सगळ्या नळ्यांतून सोडा. आठवड्यातून एकदा विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल फिरवून काचेवर बसलेला कॅल्शियमचा पांढरा थर काढा आणि मग पाणी इतकं सोडा की बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पीएच आत जाणाऱ्या पाण्याइतकाच येईल. सिलिकॉनच्या नळ्या काढून टांगून सुकवा, पंपाखाली चिरडला जाणारा तुकडा दर महिन्याला बदला. कॅन्युलाचं टोक भिंगाखाली बघा. त्याला कुठे बारीक धार आली असेल तर उद्याची पहिली महाधमनी तिथेच फाटेल.